'रात्रीस खेळ चाले': अण्णा-शेवंतेच्या आधीही त्या वाड्यात माणसं राहत होती

मागीलदार

झी मराठीवरच्या 'रात्रीस खेळ चाले' या कोकणातल्या वाड्याच्या भयमालिकेबद्दल काल एका पोस्टमध्ये वाचलं: "अण्णा आणि शेवंता वगळले तर या मालिकेत उरतं काय? पहिला भाग म्हणजे नुसता अंधार आणि रडारड. खरी मालिका २०१९ला सुरू झाली." खाली सगळे 'अगदी अगदी' करत होते. माझं डोकंच फिरलं. दोन ओळींत भागणार नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

पहिला भाग फेब्रुवारी २०१६मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात संपला. अण्णा, त्या वाड्याचे मालक, सुरुवातीलाच वारले. घरात लग्नाची गडबड आणि कर्ता माणूस अचानक जातो. तिथून पुढे जे चाललं ते भुताचं नव्हतंच. बाप गेल्यावर भावंडं एका छपराखाली येतात, प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब चालू असतो आणि तो उघड बोलायची कुणाची छाती होत नाही. ते त्या वाड्यात दाखवलं. दिवे गेले की भीती वाटायची ती बाहेर कोण उभं आहे याची नाही. आपल्यातलंच कोण हे करतंय, याची वाटायची. मुंबईहून आलेला माधव, प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणारी त्याची बायको नीलिमा, शेती सांभाळणारा दत्ता, त्याची सरिता, माहेरी राहणारी छाया, धाकटा अभिराम आणि या सगळ्यांच्या मध्ये भरडली जाणारी अण्णांची बायको माई. एकही पात्र भरतीला घेतलेलं नव्हतं. घरच्या गड्याचं, पांडूचं, 'इसारलंय' (विसरलो) लोकांनी विनोद म्हणून डोक्यावर घेतलं. मला मात्र घरातलं सगळं माहीत असलेला तोच एक माणूस वाटायचा, आणि त्याचंच कुणी ऐकत नव्हतं.

माझी सर्वांत आवडती व्यक्तिरेखा सरिता. हो, सरिताच. हावरट, कजाग, आगलावी म्हणून तिला शिव्या पडल्या. पण त्या घरात पहाटे उठून चूल पेटवणारी, सासूचं करणारी आणि सासऱ्याचा दरारा रोज सोसणारी तीच होती. मुंबईची जाऊ चार दिवसांसाठी येते आणि मान तिला. सरिता दागिन्यांकडे बघते तेव्हा तिला कधीच न मिळालेली मजुरी ती मोजत असते. एवढं खरं बाईमाणूस मराठी मालिकेत मी दुसरं पाहिलं नाही.

दुसऱ्या भागाने गोष्ट मागे, अण्णा जिवंत असतानाच्या काळात नेली, ही सगळी माणसं भिंतीला लावून ठेवली आणि उजेड अण्णा आणि त्यांची बाहेरची बाई शेवंता या दोघांवरच पाडला. मला त्याचाच राग आहे.

शेवंताप्रेमी

ती पोस्ट माझीच. वाक्य मी मागे घेणार नाही.

तुम्ही म्हणता अण्णा पहिल्याच दिवशी गेले. म्हणजे ज्या माणसाच्या दहशतीवर तुमचं सगळं घर उभं आहे, तो तुम्हाला कधी दिसलाच नाही. इतर लोक 'अण्णा असे होते, अण्णा तसे होते' म्हणत राहणार आणि आपण ते मानून घ्यायचं. दुसऱ्या भागात माधव अभ्यंकरांनी तो माणूस आणून उभा केला. खलनायक मालिकांत पायलीला पन्नास. पण आपण जे करतोय ते आपला हक्कच आहे असं मनापासून मानणारा माणूस किती वेळा बघायला मिळाला? तो ओरडायचाही नाही. आवाज खाली आला की समोरचा घाबरायचा. माझ्या आजोळी असाच एक माणूस होता. तो ओटीवर आला की बायका स्वयंपाकघरात बोलायच्या थांबायच्या. मालिका बघताना माझी आई उठून आत निघून गेली होती, ती त्या आवाजामुळे.

आणि माई! शकुंतला नरेंचं काम तुम्हाला पहिल्या भागात आवडलं असेल, पण पहिल्या भागातली माई नुसती रडते. ती कशासाठी रडते हे दुसऱ्या भागात कळतं. नवऱ्याचं बाहेर काय चाललंय हे गावाला ठाऊक आहे आणि तिने तरी ताट वाढायचं. अपूर्वा नेमळेकरांची शेवंता त्या माईला वजन देते. शेवट आधीच माहीत असलेली गोष्ट जानेवारी २०१९ ते ऑगस्ट २०२० लोकांनी बघितली. मध्ये लॉकडाऊनने चित्रीकरण थांबलं, तरी परत येऊन बघितली. नुसत्या उत्सुकतेवर इतकं चालत नाही.

पहिल्या भागाचा शेवट आठवतोय ना? महिनोन्‌महिने धागे सोडले आणि गुंडाळताना निम्मे हातातून सुटले. तेव्हा तुम्हीही चिडला असाल.

मागीलदार

चिडले होते. शेवट घाईत उरकला, हे खरं आहे. पण वाईट शेवटामुळे आधीचे आठ महिने पुसले जात नाहीत.

देशावरची

मी सोलापूरकडची. कोकण बघितलं ते या मालिकेतून. आमच्या घरात पहिल्या भागाने एक वेगळीच गोष्ट केली. मालवणी म्हणजे हसायचं, असंच तोवर माहीत होतं. मच्छिंद्र कांबळींनी ती बोली महाराष्ट्रभर पोचवली, पण आमच्याकडे ती पोचली ती हशा घेऊनच. या मालिकेत पहिल्यांदा मालवणीत कुणी रडलं, कुणी धमकी दिली, कुणी मेल्या माणसाशी बोललं. पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकरच लेखनातही होते, त्यामुळे वाक्यं तोंडात बसलेली वाटायची.

पण माझं आवडतं पात्र दुसऱ्या भागातलंच. वच्छी. अण्णांच्या तोंडावर बोलणारी आख्ख्या गावात ती एकच. तिचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

चाकरमानी दादर

वच्छी, शेवंता राहू दे. मला मूळ पोस्टमधल्या एका वाक्यावर बोलायचंय. "मुंबईची जाऊ चार दिवसांसाठी येते आणि मान तिला."

ताई, हे वाक्य आम्ही जन्मभर ऐकतोय. चार दिवसच येतो, कारण रजा तेवढीच मिळते. गणपतीचं आरक्षण खिडकी उघडल्या उघडल्या संपतं, मग एसटीच्या मागच्या सीटवर रात्रभर बसून येतो. घराची कौलं बदलली ती कुणाच्या पैशाने? म्हाताऱ्याच्या ऑपरेशनला कोण धावलं? माझ्या वडिलांनी गिरणीत उभं राहून पैसे पाठवले, १९८२च्या संपात गिरणी गेली तेव्हाही उसने घेऊन पाठवले, आणि आज गावचा चुलतभाऊ म्हणतो, 'तुमचा इथे काय संबंध?' मालिकेतला माधव असाच अपराधी चेहरा करून फिरत राहिला आणि सगळ्यांनी त्यालाच बावळट ठरवलं. माझं आवडतं पात्र माधव. त्याची बाजू कुणी मांडलीच नाही.

खळ्यातलो

माका पटला नाय.

पैसे पाठवले, मान्य. पण पैसे पाठवून घर राहत नाही. पावसात माड पडला, कोणी उचलला? आगोटीला वाशांना वाळवी लागली, कोणी बघितली? रात्री दोन वाजता म्हातारीचा श्वास अडकला तेव्हा रिक्षा शोधायला वाडीभर मी धावलो. मनी ऑर्डर नाय धावली. घर रवता ता रवणाऱ्यामुळे. दत्ताच त्या मालिकेतलो खरो माणूस. त्याला भित्रा आणि बायकोच्या ताटाखालचं मांजर दाखवला, ह्याचाच माका राग आसा.

आणि चाकरमानी येतात तेव्हा आधी काय बघतात? जमीन मोजून बघतात. हायवे रुंद झाला, मोपाला विमानतळ झाला, तेव्हापासून सगळ्यांका गाव आठवाक लागला.

चाकरमानी दादर

तोंड सांभाळून बोला. जमीन बघायला येतो असं म्हणता, तर सातबाऱ्यावर आमची नावं आहेत ती उगाच नाहीत. आजोबांच्या नावावरची जमीन आहे. नावावर आहे ते बघायलाही तुमची परवानगी घ्यायची?

खळ्यातलो

नावं आसत. एका गुंठ्याक चाळीस नावं आसत. निम्मे मेलेले, वारस लावलेले नाहीत. काजूची बाग करायला कर्ज मागितलं तर बँक म्हणते सगळ्यांच्या सह्या आणा. एक बोरिवलीला, एक बडोद्याला, एक फोन उचलीत नाय. तुमच्या एका सहीसाठी माझी तरुणपणातली वर्षं गेली. हे मालिकेत दाखवलं असतं तर भूत लागलं नसतं.

मागीलदार

पण हेच दाखवलं होतं! पहिल्या भागात हेच होतं म्हणून तर मी भांडतेय. सरितेचं बोलणं आणि तुमचं बोलणं यात फरक काय आहे? तुम्ही बोललात तर कष्टकरी, ती बोलली तर हावरट.

शेवंताप्रेमी

धागा मालिकेचा आहे. तलाठी कार्यालय झालंय त्याचं.

फेरफार

असू दे थोडा वेळ. मालिका निम्मी त्याच कार्यालयात घडते.

दोघेही भाऊ भांडताय आणि दोघेही एक माणूस विसरताय. छाया. अण्णांची मुलगी. वाटणीच्या प्रत्येक प्रसंगी ती त्या घरात उभी असते, आणि प्रेक्षकांनी कायम 'दत्ता की माधव' एवढाच वाद घातला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यातली केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५पासून लागू झाली. महाराष्ट्राने तर १९९४लाच अविवाहित मुलींना तो हक्क दिला होता. २००५ला वडील हयात असले पाहिजेत का, यावर वर्षानुवर्षं घोळ चालला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२०ला मिटवला: हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४च्या आधी नोंदणीकृत वाटणी झाली असेल तर ती मात्र उकरता येत नाही. दुसरा भाग संपला त्याच महिन्यातला हा निकाल. वाड्यात त्याचा पत्ताही नव्हता.

आणि चाळीस नावांचं म्हणाल तर आधी वारस नोंदी करून घ्या. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५खाली तहसीलदाराकडे वाटप होतं. राजी नसतील तर दिवाणी दावा. 

खळ्यातलो

कायदो माका शिकवू नको. बहिणींची लग्नं कोणी लावली? दागिने, जेवणावळी, पुढची बाळंतपणं. तेच्यातच त्यांचो वाटो गेलो. आमच्या बहिणींनी स्वतःहून सोडला. प्रेमान सोडला.

माहेरवाशीण

प्रेमाने सोडलं, हे वाक्य वाचून लिहायला बसले. एरवी मी नुसती वाचते.

वडील गेल्यावर भावाचा फोन आला: ये, एक सही आहे, वारसाचं काम आहे. कार्यालयाच्या व्हरांड्यात लाकडी बाकावर मला बसवलं. कागद उलटे ठेवले होते, सहीची जागा तेवढी वर. शाईचा पॅड वाळला होता म्हणून वहिनीने त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि माझा अंगठा स्वतःच्या हाताने दाबला. मी विचारलं, वाचू का? भाऊ म्हणाला, 'माझ्यावर विश्वास नाही?' त्यावर काय बोलणार? ते हक्कसोडपत्र होतं, हे मला पुढे कळलं. नंतर गणपतीला गेले तेव्हा मागच्या खोलीला कुलूप होतं, आणि माझं सामान पडवीत ठेवलेलं.

मला जमीन विकायची नव्हती. माझ्या नावाचं एक कलम त्या बागेत असावं, इतकंच होतं. छायाला मालिकेत चिडकी, तुसडी दाखवली म्हणून लोक तिला नावं ठेवायचे. माहेरी राहणारी बाई तुसडी का होते ते त्या घरात राहून बघा. माझं आवडतं पात्र छाया, तिन्ही भागांत.

चाकरमानी दादर

ताई, वाईट झालं. आमच्या घरी असं केलेलं नाही.

फेरफार

केलेलं नाही, की विचारलेलं नाही? तुमच्या आत्यांची नावं सातबाऱ्यावर आहेत का?

चाकरमानी दादर

नाहीत. तेव्हा लावायची पद्धत नव्हती. पण तो वेगळा विषय आहे आणि त्याचं उत्तर मी इथे देणार नाही.

खळ्यातलो

माहेरवाशीण ताई, तुमच्या भावान केला ता चूकच. खोलीला कुलूप लावणं तर फारच. पण म्हणून सगळे भाऊ तसे नसतत. आणि जमिनीचे तुकडे करून प्रत्येकाक दोन-दोन गुंठे दिले तर काजू खय लावतलास? ह्या पण कोणीतरी सांगा.

मागीलदार

म्हणजे दत्ता राहिला म्हणून दत्ताला, आणि छायाही तिथेच राहिली तरी तिला नाही. राहण्याचाच हिशेब असेल तर छायाने त्या घरात दत्ताइतकीच वर्षं काढली. सरितेने तर स्वतःचं माहेर सोडून काढली. याचं उत्तर द्या.

खळ्यातलो

उत्तर देतय. विचार करूक देवा जरा.

तिसरा प्रहर

कुणीच तिसऱ्या भागाचं नाव घेत नाही, म्हणून मी घेते. सगळे म्हणतात तो फसला. मार्च २०२१ला सुरू झाला, दुसऱ्या लाटेत चित्रीकरण बंद पडलं, ऑगस्टमध्ये परत आला, मग शेवंतेच्या भूमिकेत अपूर्वा नेमळेकरांच्या जागी कृतिका तुळसकर आल्या. एवढ्या धक्क्यांत कुठलीही गोष्ट विस्कटते. पण इथे आत्ता जे चाललंय ना, ते तिसऱ्या भागातच होतं. अण्णा आणि शेवंता मेले तरी घर सोडत नाहीत. मेलेला माणूस सातबाऱ्यावरून जात नाही आणि वाड्यातूनही जात नाही. अभिराम बायकोला घेऊन त्याच घरात परत येतो. का येतो? तो काही श्रीमंत व्हायला आलेला नाही. माझं आवडतं पात्र त्याची बायको, कावेरी. बाहेरून आलेली, कुणाच्याही पापाशी संबंध नसलेली, आणि सगळं तिलाच निस्तरायचं.

शेवंताप्रेमी

तिसऱ्या भागात अण्णांना सारखं सारखं दाखवून त्यांची भीतीच घालवली. रोज दिसणारं भूत घाबरवत नाही. माणूस म्हणून अण्णा भयंकर होते, भूत म्हणून ते घरातले झाले. हे माझं ठाम मत आहे, आणि दुसऱ्या भागाचा चाहता म्हणून मला तिसऱ्याचं जास्त दुःख आहे.

देशावरची

याच्याशी मी सहमत. आणि वच्छीबद्दल अजूनही कुणी बोललं नाही.

तिसरा प्रहर

वच्छीबद्दल बोलते. तिच्या तोंडचे शिव्याशाप आमच्या आजीला पाठ झाले होते, आणि ती नास्तिक बाई! पण मला ती अर्ध्यावर सोडल्यासारखी वाटली. गावातल्या एका बाईला अण्णांविरुद्ध उभं केलं आणि तिच्या हातात बोलण्यापलीकडे फारसं काही दिलं नाही.

देशावरची

तिच्याकडे दुसरं होतं काय? जमीन नाही, माणूस नाही, पैसा नाही. जीभ होती, ती तिने चालवली. तेवढ्यावर ती अण्णांना खुपत राहिली, हेच मोठं काम.

खळ्यातलो

एक आठवण करून देतंय. २०१६त आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात या मालिकेला विरोध झाला होता. अंधश्रद्धा पसरवतात, कोकणाची बदनामी करतात, म्हणून. जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा, त्याचंही नाव तेव्हा निघालं. मीही विरोधात बोललो होतो आणि आजही माझं मत तेच आसा. आमच्याकडे गावाचो राखणदार देव आहे, देवाक घालायचं गाऱ्हाणं आहे, त्याचो अर्थ घराघरात करणी चालता असो नाय. पण आता चित्रीकरण झालं त्याच आकेरीच्या वाड्यासमोर गाड्या थांबतात, लोक फोटो काढतात, आणि बाजूला कोकम सरबत विकलं जातं. तेव्हा विरोध करणारेच 'अण्णांचो वाडो' म्हणून बोट दाखवतात.

चाकरमानी दादर

बघा, त्या वाड्याने तरी गावात चार पैसे आणले. तुम्हीच म्हणालात, पैशाने घर राहत नाही.

खळ्यातलो

वाड्यात रवणारे आसत म्हणान वाडो उभो आसा, दादा. बंद घरासमोर कोण फोटो काढता? आमच्या वाडीत बंद घरं मोजायला दोन हात पुरत नाहीत. छपरं आत बसलीत, एकाच्या माजघरात चिकूचं झाड आलंय. त्यांच्या चाव्या सगळ्या मुंबईत.

आणि मागीलदार ताई, उत्तर. छाया तिथेच राहत होती, हा मुद्दा तुमचा बरोबर. राहणाऱ्याचा हक्क म्हणतो तर तिचाही म्हणावा लागतो. मला ते आवडलेलं नाही, पण दुसरं काही सुचत नाही.

माहेरवाशीण

एवढं तरी कुणी म्हणालं.

शेवंताप्रेमी

आता मूळ मुद्दा. मागीलदार, तुम्ही सरितेची बाजू इतकी मांडलीत म्हणून मी दुसऱ्या भागातले तिचे प्रसंग पुन्हा काढून बघितले. दत्ताशी लग्न होऊन ती त्या घरात येते ते दिवस. नवी नवरी, हौशी, बोलकी. आणि समोर सासरा म्हणून अण्णा. पहिल्या भागात तुम्हाला भेटली ती सरिता त्या घराने घडवलेली आहे, आणि ती घडताना तुम्हाला दिसते फक्त दुसऱ्या भागात. पहिला भाग एकटा बघणाऱ्याला ती हावरटच वाटणार. म्हणजे तुमच्या लाडक्या पात्राला न्याय कुणी दिला? दुसऱ्याने.

मागीलदार

हे मी नाकारत नाही. ते प्रसंग मलाही आठवतात. पण न्याय दिला म्हणता, तर प्रेक्षकांपर्यंत तो का पोचला नाही? दुसरा भाग गाजत होता तेव्हा कुणाच्या तोंडी सरिता होती? सगळीकडे शेवंतेच्या साड्या आणि अण्णांचे संवाद. घर घडवणारी बाई कोपऱ्यात आणि घर मोडणारी पोस्टरवर. मालिकेने दाखवलं असेल, पण मिरवलं दुसऱ्यांनाच.

शेवंताप्रेमी

शेवंता घर मोडणारी? तिला त्या घरात कधी पाऊल टाकू दिलं? जमीन नाही, नाव नाही, मूल झालं त्यालाही नाव नाही. तुम्ही इतक्या वेळ हक्काच्या गोष्टी करताय, सरितेचा हक्क, छायाचा हक्क. शेवंतेच्या त्या मुलीचा, सुशल्याचा हक्क कुठे गेला? ती तर अण्णांचीच मुलगी. पहिल्या भागात ती दारात येते तेव्हा घरातली सगळी माणसं, तुमची सरिता धरून, एका बाजूला उभी राहतात.

फेरफार

सुशल्याचा मुद्दा कुणीतरी काढायलाच हवा होता.

मागीलदार

राहतात. सरिताही राहते, आणि तिथे ती मला आवडत नाही. शेवंतेसाठी 'घर मोडणारी' हा शब्द नको होता, तो सोडते. पण त्या दारातल्या प्रसंगात माईचा चेहरा बघा. नवऱ्याची मुलगी समोर उभी आहे आणि तिला हाकलावं की जेवायला बसवावं हे त्या बाईला कळत नाही. हा पहिल्या भागाचा प्रसंग आहे, अण्णा आणि शेवंता दोघंही नसताना घडणारा. तुमच्या पोस्टला माझं उत्तर तेच आहे.

शेवंताप्रेमी

प्रसंग चांगला आहे. पोस्ट तशीच राहणार.